धरून ठेव

"बाबा, मी तुमची मावशी आहे का?"

बाबांनी अंगठा वर केला.

"बघितलंस?" मी आईला म्हटलं. "मघाशी नळीचं विचारलं तेव्हाही हाच अंगठा. याला उत्तर म्हणत नाहीत."

आई पलंगाच्या पलीकडे उभी राहून उशीला अभ्रा चढवत होती. "तू भलतंसलतं विचारतेस, मग तेही भलतंसलतं सांगतात. लहानपणी तू शाळेतून आलीस की दारात अडवून विचारायचेच ना तुला, कोण हो आपण, कुणाकडे आलात?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसं? माणूस तोच आहे."

बाबांचा अंगठा अजून वरच होता. मी तो हलकेच मिटवला आणि हात पांघरुणावर ठेवला. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्याही वर, छताजवळ खिळलेली होती. कपाळावर आठ्या, भुवया चढलेल्या, डोळे मोठे. नवख्या माणसाला वाटावं की यांनी आत्ताच काहीतरी चकित करणारं ऐकलंय. गेली तीन वर्षं त्यांचा चेहरा असाच आहे.

कपाटावर दवाखान्याचा फॉर्म होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून आईनं त्यावर चष्म्याची डबी ठेवली होती. मंगळवार होता. शुक्रवारी तो सही करून, किंवा न करता, परत द्यायचा होता.

दुसऱ्यांदा न्यूमोनिया होऊन बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. घरी सोडण्याआधी त्यांची गिळण्याची तपासणी झाली. क्ष-किरणांच्या यंत्रासमोर बसवून त्यांना पांढरं औषध कालवलेला घोट दिला, आणि तो कुठे जातो ते आम्हाला पडद्यावर दिसलं. बराचसा अन्ननलिकेत गेला. एक बारीक पांढरी रेघ मात्र पुढच्या बाजूला वळली आणि श्वासनलिकेत उतरली. बाबांना ठसकासुद्धा लागला नाही. डॉक्टर मॅडमनी चित्र तिथेच थांबवलं.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "पोटाच्या कातडीतून जठरात नळी घालता येते. अर्ध्या तासाचं काम आहे. जेवण, पाणी, औषधं त्यातून द्यायची. वजन टिकेल. पण न्यूमोनिया पुन्हा होणारच नाही असं मी म्हणणार नाही. माणसाची स्वतःची लाळही फुप्फुसात उतरते."

"आणि नाही घातली तर?" मी विचारलं.

"तोंडानं जाईल तेवढं. किती दिवस ते नाही सांगता येत. वर्ष नसावं."

मॅडम आईकडे वळल्या. "त्यांनाच विचारा. त्यांना समजतं सगळं. या आजारात विचार मंद होतो, पुसला जात नाही. प्रश्न विचारा आणि मनात साठपर्यंत मोजा. आपण दहापर्यंत मोजतो आणि त्यांच्या वतीनं आपणच उत्तर देऊन टाकतो."

माझं ठरलेलं होतं. नळी घालायची. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आकडे समोर असले की मला बरं वाटतं. आठ महिन्यांत बाबांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. त्याचा तक्ता मी केला होता, आणि रेघ कुठे चालली आहे ते त्यात स्वच्छ दिसत होतं. मला फक्त बाबांचा होकार हवा होता. दहा दिवसांची सुट्टी काढून मी तोच घ्यायला आले होते.

*

बाबा अवजड यंत्रांच्या कारखान्यात क्रेन चालवत. छताखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकणारी क्रेन, तिला लटकलेली पत्र्याची केबिन, आणि तिथे चढायला बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. केबिनच्या तळाला काच होती. बाबा दिवसभर आपल्या दोन पायांमधून खाली बघत. खाली एक माणूस हुकाला साखळ्या अडकवी आणि हातांच्या इशाऱ्यांनी भार कुठे न्यायचा ते सांगे. यंत्रांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. बाबांच्या चौतीस वर्षांपैकी सव्वीस वर्षं खाली एकच माणूस होता. कारखान्यात बाबांना सगळे 'वरचा' म्हणत आणि त्याला 'खालचा'. आमच्या घरीही तो खालचा काकाच. काम कुठे अडलं की खालचा काका साहेबांना सांगायचा, "माझ्या हातात काही नाही, वरच्याची इच्छा." आमच्याकडे जेवायला आला की आईला म्हणायचा, "वहिनी, सगळं जग वरच्याला घाबरतं, आणि वरचा तुम्हाला."

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत बाबांचं जेवताना सांडायला लागलं. ते ताटाकडे बघायचेच नाहीत. समोर आईकडे बघत जेवायचे आणि आमटीत बोटं बुडवायचे. आई पहिले काही दिवस लाजली, मग रागावली. "एवढी नावडती झाली का माझी आमटी, की तिचं तोंडही बघायचं नाही?" मग ते जिन्यावरून घसरले. चष्मा बदलला. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा बदलल्यावर चष्मेवाला म्हणाला, नंबर बरोबर आहे, आता तुम्ही मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर ते मागे पडू लागले होते. अडखळून पुढे नव्हे. दार ओढून उघडताना, कपाटातून सदरा काढताना, काहीही कारण नसताना ताठच्या ताठ मागे. हात टेकायचाही प्रयत्न नाही.

मॅडमनी बोट वर नेलं. बाबांचे डोळे थोडे वर गेले. बोट खाली आणलं. डोळे होते तिथेच राहिले. मग त्या म्हणाल्या, "तीन टाळ्या वाजवा." बाबांनी अकरा वाजवल्या. मी मोजल्या. तीन म्हणजे किती ते त्यांना ठाऊक होतं, पण सुरू झालेला हात त्यांना थांबवता येत नव्हता.

प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. लाखात पाच-सहा जणांना होतो. पार्किन्सनच्या कुळातला, पण कंप नाही, आणि पार्किन्सनची औषधंही याला फारशी लागू पडत नाहीत. मेंदूच्या खोल भागातल्या पेशींमध्ये एक प्रथिन साठत जातं, आणि बऱ्याचदा सुरुवातीलाच जाते ती खाली बघण्याची शक्ती. चौतीस वर्षं ज्या माणसानं खाली बघण्याचाच पगार घेतला, त्याला हे सांगायला मॅडमना दोन मिनिटं लागली. बाबा म्हणाले, "म्हणजे आता मी सगळ्यांशी मान वर करूनच बोलणार." तेव्हा ते बोलू शकत होते.

पुढचं सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. मी ते पुस्तक वाचलं होतं, आणि तरी दर वेळी मला वाटायचं की ही पायरी बाबा चुकवतील. दुसऱ्या वर्षी मनगट मोडलं. तिसऱ्या वर्षी आवाज घोगरा होत होत गुरगुरण्याइतका उरला. माझ्याशी फोनवर बोलताना आई त्यांचं बोलणं मला पुन्हा सांगू लागली, आणि काही महिन्यांनी तिलाही ते कळेनासं झालं. चौथ्या वर्षी पापण्या मिटल्या की उघडत नसत. बाबा जागे असत, पण डोळे बंद. आईनं शोधून काढलं होतं की भुवईवर बोट ठेवलं की त्या उघडतात. रोज सकाळी ती दोन बोटांनी त्यांचे डोळे उघडायची आणि म्हणायची, "उजाडलं हो."

आता पाचवं वर्ष होतं.

*

बुधवारी दुपारी आई त्यांना भरवत होती. मिक्सरमधून काढलेलं, घट्ट केलेलं जेवण, अर्धा चमचा. चमचा त्यांच्या नजरेच्या रेषेतून आणायचा, म्हणजे वरून. तोंडात गेला की थांबायचं. कंठ वर-खाली झालेला दिसला की पुढचा. आई तीस वर्षं बालवाडीत शिकवायची. "माझी सगळ्यात हट्टी पोरंसुद्धा एवढा वेळ नाही लावायची," ती त्यांना सांगत होती. "आणि त्यांच्या घरच्यांना नावं ठेवता यायची. तुमच्या घरच्यांना काय सांगू?"

पन्नास मिनिटांत चौदा चमचे झाले. आई वाटी घेऊन उठली, तसे बाबांचे दोन्ही हात सावकाश उचलले गेले, पोटासमोर आले आणि बोटं एकमेकांत गुंतली.

"हे बघ," मी म्हटलं. "हे काय करतात?"

"ते रोजच करतात. मला वाटतं, थँक्यू म्हणतात."

"बाबा आयुष्यात कधी कुणाला थँक्यू म्हणालेत?"

"माणूस बदलतो गं."

"काल तर म्हणालीस, माणूस तोच आहे." मी त्यांच्या समोर, नजरेच्या उंचीवर गेले. "बाबा, हात जोडताय का? सोडवा म्हणताय? नळी घाला म्हणताय ना?"

मी साठपर्यंत मोजलं. हात तसेच राहिले. गुंतलेली बोटं पांढरी पडली होती.

"हा होकार आहे," मी म्हटलं.

"आणि काल अंगठ्याला उत्तर म्हणत नव्हतीस," आई म्हणाली. "तुला हवं ते निघालं की उत्तर, नाहीतर आजार."

ते खरं होतं, म्हणून मला राग आला. मी म्हटलं, "मग काय करायचंय तुला? चौदा चमचे. उपाशी मारायचंय त्यांना?"

आईनं वाटी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "नळी घातलीस की तू निश्चिंत मनानं जाशील. पिशवी किती वाजता लावायची, किती मिली सोडायचं, त्याचा तक्ता भिंतीला चिकटवून जाशील. तुझ्या बाजूनं ते बरोबरच आहे. पण त्यांचं तोंड मग कशाला राहिलं? पाच वर्षांत एकेक करून सगळं गेलं. एवढंच उरलंय की मी काहीतरी देते आणि ते घेतात."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत आई फोनवर ओरडून बोलत होती. आधी वाटलं, ती भांडतेय. मग कळलं, पलीकडच्या माणसाला ऐकू येत नाहीये.

*

गुरुवारी खालचा काका आला. दोन वर्षांनी. बाबांचा आवाज गेला तेव्हापासून त्यानं येणं सोडलं होतं. "एक बोलत नाही, एकाला ऐकू येत नाही," असं तो आईला म्हणाला होता. "भेटून करायचं काय, एकमेकांची टकली बघायची?" त्याचे कान कारखान्यानं नेले होते. गुडघे वयानं.

आत येऊन तो पलंगाशेजारच्या बुटक्या, वेताच्या मोड्यावर बसला आणि गरजला, "काय वरच्या, आहेस ना जागेवर?"

बाबांची नजर भिंतीवरून हलली नाही.

"तिथे नका बसू," आई त्याच्या कानाशी म्हणाली. "त्यांना खालचं दिसत नाही."

"म्हणजे?"

"मान मागे ताठलीय, डोळे खाली येत नाहीत. समोरच्या भिंतीच्या वरच्या भागात जे असेल तेवढंच दिसतं."

खालच्या काकानं मान वर करून त्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, "सव्वीस वर्षं हा वर आणि मी खाली. आता म्हातारपणी मला वर चढवतोय." तो उठला, स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेऊन आला, पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला लावून ठेवलं आणि मला म्हणाला, "धर गं पोरी नीट. पडलो तर दोघांना एकाच खोलीत ठेवावं लागेल."

मी स्टूल धरलं. तो दोन दमात वर चढला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बाबांच्या चेहऱ्यात काही बदल झाला नाही. तो होतच नाही. पण श्वासाचा आवाज बदलला.

आई त्याच्यासाठी पाणी आणायला उठली. बाबांचे हात पोटासमोर आले आणि बोटं गुंतली.

"वहिनी, बसा," खालचा काका वरून म्हणाला.

"पाणी आणते तुम्हाला."

"आधी बसा. तो काय सांगतोय ते दिसत नाही का?" आणि त्यानं स्वतःचे दोन हात पोटासमोर आणून बोटं तशीच गुंतवली. "हे 'धरून ठेव'. भार आहे तिथे राहू दे. वर नको, खाली नको, हलवू नको."

मी मोठ्यानं विचारलं, "काका, म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काही करायचं नाही. तेच तर अवघड. खाली माझं काही राहिलं असेल, ठोकळा नीट बसला नसेल, कुणी मध्ये आलं असेल, तर मी हे दाखवायचो. याचा भार हवेत आणि दोन्ही हात क्रेनच्या दांड्यांवर. भार लटकत असताना वरच्यानं केबिन सोडायची नाही. लघवीला लागली तरी नाही. एकदा याला पाऊण तास मी तसा ठेवला होता. उतरल्यावर मला आईवरून शिव्या दिल्या." तो बाबांकडे बघत होता. "यानं स्वतः मात्र कधी इशारा केला नाही. याचे हात कुठे मोकळे? यानं फक्त वाचले. हा कधी करतो हे, वहिनी?"

"मी उठले की," आई म्हणाली.

खालच्या काकाला ते ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

"मग तुम्हीच बघा," तो म्हणाला. "आता दांड्या तुमच्या हातात आहेत ना. तो खाली आहे, इशारे देतोय."

आई पलंगाच्या कडेवर बसली. "पावसाळ्याच्या आधीपासून करतायत," ती म्हणाली, बहुधा मला. "मी दर वेळी वाटी उचलून निघून गेले."

बाबांची बोटं सुटायला वेळ लागला. पण सुटली.

*

नळीचं मी खालच्या काकाला वहीत लिहून दिलं. आम्ही अंगठ्यानं कसं विचारत होतो तेही लिहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"अंगठा?" तो म्हणाला. "आमच्याकडे अंगठा नव्हताच. अंगठा म्हणजे शाळेत न गेलेल्याची सही." मग गंभीर होऊन म्हणाला, "आणि तुम्ही प्रश्नावर प्रश्न विचारता. इशारा झाला की हात खाली आणायचा. रिकामा. मगच पुढचा. हात हवेत राहिला तर वरच्याला वाटतं, अजून तेच चालू आहे."

आमच्या प्रयोगशाळेत दोन नमुन्यांच्या मध्ये नळी धुवून घेतात, नाहीतर आधीचं पाणी पुढच्यात मिसळतं. तीन दिवस मी बाबांना न धुतलेल्या नळीनं तपासत होते.

त्यानं बाबांना इशारे दाखवले. तर्जनी वर करून छोटी गोल फिरवली: वर घे. हे 'हो'. तळवा जमिनीकडे करून हात आडवा फिरवला: थांब. हे 'नको'. प्रत्येक इशाऱ्यानंतर हात बाजूला सोडून तो उभा राहायचा, जणू कारखान्यात खालून वर बघतोय.

"बाकीचे इशारे मी एकट्यानं द्यायचे," तो मला म्हणाला. "मॅनेजर आला तरी त्यानं हात दाखवायचा नाही. फक्त 'थांब' कुणीही द्यावा. झाडूवाल्यानं दिला तरी वरच्यानं थांबायचं. का, ते नंतर विचारायचं."

मी वहीत रकाने आखले. प्रश्न, उत्तर, सेकंद. मग बाबांच्या नजरेच्या उंचीवर चेहरा नेऊन म्हटलं, "बाबा, पोटात नळी घालायची असं डॉक्टर म्हणतात. त्यातून जेवण जाईल. तोंडानं खाणं जवळजवळ बंद. जास्त दिवस मिळतील. नाही घातली तर कमी मिळतील. नळी घालायची?"

मी बाजूला झाले. खालच्या काकानं दोन्ही इशारे एकेकदा दाखवले आणि हात सोडला. मी घड्याळात बघत होते. वीस. तीस. बाबांच्या हनुवटीवर लाळेचा थेंब आला. आईनं तो पुसला नाही, मध्ये यायला नको म्हणून. त्रेचाळिसाव्या सेकंदाला उजवा हात पांघरुणावरून थोडा उठला. तळवा खाली. आडवा गेला. परत आला. पुन्हा गेला, आणि मग थांबेचना, टाळ्यांसारखा. खालचा काका स्टुलावरून उतरला, तो हात हातात घेतला, पांघरुणावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

"सांगितलं त्यानं," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "हात नुसता अडकला असेल. उलटं विचारायचं."

त्याला ते लिहून द्यावं लागलं. तो पुन्हा चढला.

"बाबा, नळी नको, हे बरोबर आहे?"

हात नुसता अडकला असता तर तो पुन्हा आडवा गेला असता. मला तो आडवा जायला हवा होता. एकावन्न सेकंदांनी बाबांची तर्जनी सुटी झाली, वर आली आणि वेड्यावाकड्या, लहान वर्तुळात फिरली. वर घे. हो.

हात खाली. थांबलो. तिसऱ्यांदा पहिलाच प्रश्न. अडतीस सेकंद. तळवा खाली, आडवा.

माझ्याकडे एकच शंका उरली होती, आणि मी ती सोडली नाही. काही केलं तरी ते एक आड एक उत्तर देत असतील. आता पाळी 'हो'ची होती. मी विचारलं, "बाबा, मी तुमची मावशी आहे का?"

एकोणतीस सेकंद. हात आडवा गेला. मग त्यांच्या घशातून आवाज आला, दोन तुटक आवाज. खोकला नव्हता तो. आई हसली, आणि हसताना तिनं पदर डोळ्यांना लावला.

"अजून एकदा विचारते," मी म्हटलं.

खालच्या काकाला ऐकू आलं नसावं, पण माझा चेहरा त्यानं वाचला. "पोरी," तो म्हणाला, "थांब एकदाच दिलेला पुरतो. तू तीनदा घेतलास." तो माझ्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश उतरला. एकेक पाय टेकवताना त्याच्या गुडघ्यांचा आवाज येत होता.

*

शुक्रवारी आई आणि मी दवाखान्यात गेलो. घरी खालचा काका बसला होता. आईनं कोरा फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"त्यांना विचारलंत?" मॅडमनी विचारलं.

मी वही पुढे केली. त्यांनी चारही ओळी वाचल्या, सेकंदांचा रकाना पुन्हा वाचला. "याची प्रत मला फाइलला लावायला द्याल?" मग त्यांनी कागदावर लिहिलं: जेवण तोंडावाटे, रुग्णाच्या इच्छेनुसार. मी ती ओळ उलट्या बाजूनं वाचली. माझा वजनाचा तक्ता पिशवीतच होता. मी तो काढला नाही.

उठताना आई म्हणाली, "मग आता चहा चालेल त्यांना?"

चहा बंद होऊन आठ महिने झाले होते. पातळ पदार्थ सगळ्यात आधी चुकीच्या वाटेनं जातात.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सरळ बसवून. चमच्यानं. ठसका लागेल. कधी लागणार नाही, आणि तो जास्त वाईट. तुम्हाला ठाऊक आहे."

"हो," आई म्हणाली.

संध्याकाळी तिनं चहा केला. घट्ट करायची पावडर घातली नाही. खालचा काका गेला होता. बाबांना पाठीला तीन उशा लावून बसवलं होतं. आईनं खुर्ची समोर ओढली, तिच्यावर दोन गाद्या टाकल्या आणि उंच झालेल्या खुर्चीवर ती त्यांच्या नजरेसमोर बसली, पाय जमिनीला न टेकता. चमचा अर्धा भरला, फुंकर घातली आणि वरून खाली आणला.

बाबांनी तो घोट तोंडात बराच वेळ ठेवला. मग कंठ हलला.

दुसऱ्या चमच्याला ठसका लागला. चेहरा लाल झाला, मान मागे गेली, डोळ्यांतून पाणी आलं. मी दारातून पुढे धावले.

"बस," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी बसले. तिनं त्यांच्या पाठीमागे हात घालून त्यांना पुढे धरलं. ठसका एकेक करत उतरला. आईनं त्यांचं तोंड पुसलं, उशा नीट केल्या आणि वाट बघितली. बाबांनी तोंड उघडलं. तिनं तिसरा चमचा दिला. मग चौथा.

पाचव्याला त्यांनी ओठ मिटून घेतले. आईनं थोडं थांबून पुन्हा बघितलं आणि कप मांडीवर घेतला. चहा तोवर निवला होता. तिनं तो तसाच, त्याच चमच्यानं, थोडा थोडा करत, तिथेच बसून संपवला.